दोन आकडे पाठ असावेत



स्मृतिव्याख्यानाच्या निमित्ताने गेलेल्या माणसांची आठवण निघते. मराठी घरांतून अशा आठवणी निघाल्या की एक वाक्य हमखास कानावर येते: ‘काही नव्हतं हो त्यांना. चांगले धडधाकट होते, बघता बघता गेले.’ सकाळी चहा झाला, पेपर चाळून झाला, अंघोळीला म्हणून उठले आणि न्हाणीघराच्या दारातच कोसळले. घरच्यांच्या दृष्टीने यात खोटे काहीच नसते. आदल्या दिवसापर्यंत त्या माणसाची कसलीच तक्रार नव्हती. परंतु गेली साठ-सत्तर वर्षे वैद्यकशास्त्र सांगत आले आहे की अशा पुष्कळ मृत्यूंची सूचना दहा-पंधरा वर्षे आधीपासून मिळत असते. हा आजार दुखत नाही, त्यामुळे मोजल्याशिवाय ती सूचना हाती येत नाही. आजचा विषय आहे रक्तदाब, आणि तो ताब्यात ठेवण्यासाठी माणसाने रोजच्या रोज स्वतः करायच्या गोष्टी.

हे अनपेक्षित वाटणारे मरण एकेकाळी जगातल्या सर्वांत सामर्थ्यवान माणसाच्या वाट्याला आले. १२ एप्रिल १९४५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट जॉर्जिया राज्यातल्या वॉर्म स्प्रिंग्ज येथील आपल्या छोट्या घरात बसले होते. समोर कागदपत्रे होती आणि एक चित्रकर्ती त्यांचे व्यक्तिचित्र रंगवत होती. दुपारी एकच्या सुमारास डोक्याच्या मागच्या भागात भयंकर दुखत असल्याचे ते म्हणाले आणि काही क्षणांत त्यांची शुद्ध हरपली. हॉवर्ड ब्रुएन या हृदयरोगतज्ज्ञाने रक्तदाब मोजला, तर तो ३०० वर १९०, म्हणजे वरचा आकडा ३०० आणि खालचा १९०, निघाला. साडेतीन वाजून गेल्यावर रूझवेल्ट वारले. मेंदूत रक्तस्राव झाला होता आणि वय होते ६३. त्यांचे खासगी डॉक्टर रॉस मॅकिंटायर यांनी ध्यानीमनी नसताना हे घडल्याचे जगाला सांगितले.

नोंदी मात्र वेगळेच सांगत होत्या. रूझवेल्ट यांचा रक्तदाब १९३७ मध्ये १६२ वर ९८ होता, १९४१ मध्ये १८८ वर १०५. मार्च १९४४ मध्ये ब्रुएन यांनी पहिल्यांदा त्यांना तपासले, तेव्हा तो १८६ वर १०८ होता, हृदय वाढलेले होते आणि ते थकत चालल्याची लक्षणे दिसत होती. फेब्रुवारी १९४५ च्या याल्टा परिषदेच्या सुमारास आकडा २६० वर १५० पर्यंत गेला होता. ब्रुएन यांनी हा सारा तपशील १९७० मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात छापला. मृत्यूच्या आधीची आठ वर्षे चढत गेलेली आकड्यांची ही रांग त्यामुळे आज कुणालाही वाचता येते.

मग डॉक्टरांनी इतकी वर्षे काय केले? त्या काळच्या समजुतीप्रमाणे वागले, एवढेच. वय वाढले की रक्तवाहिन्या कडक होतात आणि त्यांतून रक्त पुढे ढकलायचे तर दाब वाढणे गरजेचेच आहे, असे तेव्हाचे मोठमोठे वैद्य मानत. वाढलेला दाब खाली आणणे धोक्याचे ठरेल, अशीही भीती होती. शिवाय हाताशी धड औषधे नव्हती. ब्रुएन यांनी मीठ कमी करायला, वजन उतरवायला आणि सिगारेटी घटवायला सांगितले, हृदयासाठी डिजिटॅलिस दिले. उपाय योग्य दिशेचे होते, पण फार उशिरा आलेले.

रूझवेल्ट यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, १९४८ मध्ये, हृदयरोगाच्या संशोधनासाठी पैसा देणाऱ्या कायद्यावर अध्यक्ष ट्रुमन यांनी सही केली. त्याच वर्षी बोस्टनजवळच्या फ्रॅमिंगहॅम या गावात एक अभ्यास सुरू झाला. ३० ते ६२ वयाच्या ५,२०९ स्त्री-पुरुषांनी दर दोन वर्षांनी तपासून घ्यायचे कबूल केले. कुणाचे कोलेस्टेरॉल किती, कोण सिगारेट ओढतो, कुणाचा रक्तदाब किती, हे सारे लिहून ठेवायचे आणि वाट पाहायची, अशी पद्धत होती. रोगी गाठून मागे वळून पाहण्याऐवजी निरोगी माणसांच्या मागे वर्षानुवर्षे राहणारा हा अभ्यास होता. १९५० चे दशक संपेपर्यंत चित्र स्पष्ट झाले. ज्यांचा दाब चढा होता त्यांना हृदयविकाराने आणि पक्षाघाताने कितीतरी जास्त गाठले होते. ‘वयाप्रमाणे वाढतोच’ म्हणून सोडून दिलेला आकडा हाच धोका होता.

पुढे २००२ मध्ये जगभरच्या ६१ अभ्यासांतील सुमारे १० लाख माणसांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. चाळिशी ते सत्तरीच्या दरम्यान, वरचा आकडा ११५ च्या पुढे दर २० अंकांनी वाढला की पक्षाघाताने किंवा हृदयविकाराने मरण्याचा धोका दुप्पट होतो, असे त्यातून दिसले. म्हणजे १५५ चा माणूस १३५ च्या माणसापेक्षा दुप्पट धोक्यात असतो, आणि दोघांनाही तितकेच बरे वाटत असते.

भारतातले चित्र आपल्याच घराचे आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाठबळावर देशभर झालेल्या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशातल्या प्रौढांपैकी ३५.५ टक्के लोकांना उच्च रक्तदाब आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितले की जगातल्या ३० ते ७९ वयाच्या १२८ कोटी लोकांना हा आजार असून त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांना त्याचा पत्ता नाही. दाब ताब्यात असलेले पाचांत एक. यंत्र आहे, औषध आहे, शास्त्र पक्के आहे. उरते ते ज्याच्या त्याने करायचे काम, आणि तिथेच गाडी अडते.

पहिले काम मोजण्याचे. ‘मला काही होत नाही, मग कशाला मोजू?’ हा प्रश्न मराठी माणूस अगदी सहज विचारतो. याच्या उलट, जरा चक्कर आली की ‘बीपी लो झालं असेल’ म्हणत लिंबू-मीठ-साखरेचे पाणी हाती देणारी घरेही कमी नाहीत. दोन्हीकडे आकडा कुणीच पाहिलेला नसतो. पुष्कळांचा रक्तदाब आयुष्यात मोजला गेलेला असतो, पण तो दाताच्या किंवा मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी, आणि ‘नॉर्मल आहे’ किंवा ‘थोडा जास्त आहे’ एवढेच ऐकून ते परत आलेले असतात. जन्मतारीख, वाहनाचा क्रमांक, गॅस सिलिंडर कधी लावला ते लक्षात असते. आपले हे दोन आकडे मात्र लक्षात नसतात.

मोजायचेही नीट शिकावे लागते. जिना चढून आल्या आल्या, चहाचा कप खाली ठेवता ठेवता, खुर्चीच्या टोकावर बसून घेतलेला आकडा फसवा असतो. चहा, तंबाखू आणि व्यायाम यांनंतर अर्धा तास जाऊ द्यावा. लघवी तुंबलेली नसावी. पाठ टेकवून, पाय जमिनीवर सपाट ठेवून, मांडीवर मांडी न घालता पाच मिनिटे शांत बसावे. हात टेबलावर टेकवून दंड हृदयाच्या उंचीला आणावा. पट्टा सदऱ्याच्या किंवा ब्लाउजच्या बाहीवरून न गुंडाळता उघड्या दंडावर बांधावा आणि दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागून घ्यावा, कारण लहान पट्ट्याने आकडा खोटाच वाढतो. मोजताना बोलू नये. नुसत्या बोलण्यानेही दाब चढतो. मिनिटभराने पुन्हा मोजावे आणि दोन्ही आकडे तारखेसह वहीत लिहावेत. पहिल्या खेपेला दोन्ही दंडांवर मोजून जिथे जास्त येतो तो हात पुढच्या वेळी वापरावा. एका दिवसाच्या आकड्यावरून रोग ठरत नाही. वेगवेगळ्या दिवशी वरचा १४० किंवा खालचा ९० च्या वर राहिला, तर मात्र डॉक्टरांकडे जायलाच हवे.

दुसरे काम मिठाचे, आणि ते स्वयंपाकघरातले आहे. मराठी पद्धतीने पान मांडताना सगळ्यांत आधी वरच्या बाजूला मीठ वाढतात, मग लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर. त्यानंतर लोणचे, पापड, सांडगे, तळलेली भरली मिरची, कोकणात सुकी मासळी. भाजी-आमटीत मीठ असतेच, ताकात वरून घातले जाते, आणि पापडातला पापडखार, ढोकळ्यातला खाण्याचा सोडा यांतूनही सोडियम पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटना सांगते, दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. त्यात दिवसभराचे सगळे आले.

घरच्या घरी करता येईल असा एक हिशेब इथे मांडण्यासारखा आहे. चार माणसांच्या घराला, प्रत्येकी ५ ग्रॅम धरले तर, ३० दिवसांना ६०० ग्रॅम मीठ पुरायला हवे. त्या घरात एक किलोची पिशवी महिन्यात संपत असेल, तर माणशी दिवसाला ८ ग्रॅमच्या वर मीठ वापरले जाते. यात बाहेरचा वडापाव, फरसाण, खारे दाणे, बिस्किटे, पाव, झटपट नूडल्स आणि विकतचे लोणचे धरलेलेच नाही. पिशवी फोडली त्या दिवशी तिच्यावर तारीख लिहून ठेवली की घरातल्या मिठाचा हिशेब आपोआप कळतो. पाकिटबंद पदार्थावर सोडियमचा आकडा छापलेला असतो. त्याला अडीचने गुणले की मीठ निघते. १०० ग्रॅम फरसाणात ८०० मिलिग्रॅम सोडियम लिहिले असेल, तर ते २ ग्रॅम मीठ झाले.

इथे दोन गैरसमज दूर करायला हवेत. सैंधव उपासाला चालते, म्हणून ते रक्तदाबालाही चालते असे अनेक जण समजतात. सैंधव हेही जवळजवळ सारे सोडियम क्लोराइडच असते. शिवाय त्यात बहुधा आयोडीन मिसळलेले नसते. दुसरा समज असा की मीठ कमी केले की जेवण बेचव होते. जीभ काही आठवड्यांत रुळते, मात्र मीठ हळूहळू उतरवले पाहिजे. भाकरीच्या पिठात मीठ न घालणारी घरे आजही आहेत, आणि पुष्कळ मराठी घरांत भात बिनमिठाचाच शिजतो. कोकम, लिंबू, चिंच, कोथिंबीर, आले, लसूण, मिरपूड आणि जिरे हाताशी असलेल्या स्वयंपाकघराला मिठावाचून चव आणण्याची वानवा नाही.

मीठ बदलल्याने माणसे वाचतात याचा भक्कम पुरावा चीनमधून आला. तिथल्या ६०० खेड्यांतल्या २०,९९५ लोकांवरचा प्रयोग २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना आधी पक्षाघात होऊन गेलेला होता किंवा साठीच्या पुढे उच्च रक्तदाब होता. निम्म्या खेड्यांना नेहमीचे मीठ, निम्म्यांना पाऊण भाग सोडियम आणि पाव भाग पोटॅशियम क्लोराइडचे मीठ मिळाले. जवळजवळ पाच वर्षांत मीठ बदललेल्या खेड्यांत पक्षाघात १४ टक्क्यांनी आणि मृत्यू १२ टक्क्यांनी कमी झाले. असे कमी सोडियमचे मीठ आपल्याकडेही दुकानांत मिळते. मात्र मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आणि रक्तदाबाची काही औषधे घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये, कारण शरीरात पोटॅशियम साठू शकते.

तिसरे काम अंग हलवण्याचे. जेरी मॉरिस या डॉक्टरांनी १९५३ मध्ये लंडनच्या दुमजली बसमधल्या कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ड्रायव्हर दिवसभर बसून असत. कंडक्टर तिकिटे फाडत दिवसाला ५०० ते ७५० पायऱ्या चढत-उतरत. ड्रायव्हरांना हृदयविकार अधिक होता आणि तो आला की अधिक जीवघेणा ठरत होता. टेबलाशी बसणारे टपाल कर्मचारी आणि पायी टपाल वाटणारे यांच्यातही तोच फरक निघाला. मुळात जाड माणसेच ड्रायव्हर होत असतील, अशी शंका मॉरिस यांनी स्वतःच तपासली. त्यांनी गणवेशाच्या विजारींची मापे मागवली, तर ड्रायव्हरांच्या कमरा खरोखरच मोठ्या निघाल्या. म्हणजे शंकेत तथ्य होते. पण हिशेब केल्यावरही कमरेने सारा फरक उलगडेना. मॉरिस स्वतः ९९ वर्षे जगले आणि म्हातारपणीही व्यायाम करत राहिले.

व्यायाम रोजच्या दिनक्रमात बसवण्याचा पाठ महाराष्ट्राला नवा नाही. आजच्या सातारा जिल्ह्यातल्या औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८ ते १९५१) रोज सूर्यनमस्कार घालत आणि आपल्या संस्थानातल्या शाळांत त्यांनी ते सक्तीचे केले. या विषयावरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १९३८ मध्ये लंडनला निघाले. ज्याला सूर्यनमस्कार झेपत नाहीत त्याला चालणे झेपते. आठवड्याला १५० मिनिटे, म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास, बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही इतक्या वेगाने चालले, तर उच्च रक्तदाब असलेल्या माणसाचा वरचा आकडा साधारण ५ ते ८ अंकांनी उतरतो. वजन जास्त असेल, तर प्रत्येक किलोमागे सुमारे एक अंक. तंबाखू आणि मिश्रीचे व्यसन असेल तर ते सोडणे हे याच्याही आधीचे काम.

चौथे काम गोळीचे, आणि सगळ्यांत जास्त माणसे इथे हरतात. ‘एकदा सुरू केली की सुटत नाही’ म्हणून गोळी सुरूच न करणारे असतात. सुरू करून आकडा १२८ वर आला की ‘आता नॉर्मल आहे’ म्हणून बंद करणारे त्याहून अधिक. गोळीमुळे आकडा नॉर्मल आहे, ही साधी गोष्ट कुणीतरी शांतपणे समजावून सांगायला हवी. गोळीचा उपयोग होतो का, हा वाद फार चढ्या दाबाच्या बाबतीत १९६७ मध्येच मिटला. एडवर्ड फ्रीस या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या माजी सैनिकांवर प्रयोग केला. खालचा आकडा ११५ ते १२९ असलेल्या १४३ जणांपैकी निम्म्यांना औषध, निम्म्यांना तशीच दिसणारी औषधविरहित गोळी. औषध न मिळालेल्यांत २७ गंभीर घटना घडल्या, औषध घेणाऱ्यांत अवघ्या २.

आता प्रश्न येतो तो जबाबदारीचा. आरोग्याची जबाबदारी ज्याची त्याची, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. ज्या बाईचा दिवस पहाटे पाण्याच्या रांगेत सुरू होतो आणि रात्री भांड्यांपाशी संपतो, तिला ‘रोज अर्धा तास चाला’ सांगणे पुरेसे नाही. ज्या गावात गोळी संपल्यावर पुढची गोळी तालुक्याला जाऊनच मिळते, तिथे गोळी चुकली म्हणून रोग्याला बोल लावता येत नाही. फिनलंडमधल्या नॉर्थ करेलिया प्रांताचे उदाहरण म्हणूनच मोलाचे आहे. हृदयविकाराने तरणीताठी माणसे जात होती, तेव्हा लोकांनीच सरकारकडे मदत मागितली. १९७२ मध्ये पेक्का पुस्का या तरुण डॉक्टराच्या नेतृत्वाखाली काम सुरू झाले. गावोगावच्या महिला मंडळांनी स्वयंपाक बदलला, नेहमीच्या मांसाच्या रश्श्यात चरबी आणि मीठ कमी झाले, भाज्या वाढल्या. दुग्धव्यवसाय आणि खाद्यपदार्थांच्या कारखान्यांनीही साथ दिली. पुढच्या चार दशकांत कामकरी वयाच्या पुरुषांतले हृदयविकाराचे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले. माणसांनी सवयी बदलल्या आणि सवयी बदलणे व्यवस्थेने सोपे केले. दोन्ही एकत्र घडले.

आपल्याकडेही हे जमते, हे दिसले आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम पाच राज्यांतल्या २५ जिल्ह्यांत सुरू झाला. महाराष्ट्रातले सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा हे त्यांतले चार. मोजक्या, स्वस्त गोळ्यांचा एकच ठरलेला क्रम, घराजवळच्या उपकेंद्रात मोजणी, परिचारिकेकडून पाठपुरावा आणि प्रत्येक रोग्याची नोंद, एवढीच त्याची मांडणी. आधी जे शहरातल्या दवाखान्यातच मिळायचे ते त्याने गावात आणून ठेवले. २०२२ मध्ये या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. गोळी दारापर्यंत आली की ती रोज तोंडात टाकण्याची जबाबदारी खऱ्या अर्थाने माणसाची होते.

सरकारी आरोग्यकेंद्रांत तिशी ओलांडलेल्यांचा रक्तदाब विनामूल्य मोजला जातो. इथे बसलेल्या प्रत्येकाने या महिन्यात तो मोजून घ्यावा, दोन्ही आकडे तारखेनिशी लिहावेत, मिठाच्या नव्या पिशवीवर तारीख टाकावी आणि गोळी चालू असेल तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय बंद करू नये. आणि घरी मोजणी सुरू कराल तेव्हा, सगळ्यांचे पथ्य सांभाळणाऱ्या पण स्वतःचा दाब कधीच न मोजलेल्या, स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीचा पहिला नंबर लावा.